गांजानं मेंदूत नवीन पेशी उगवतात, असं भाचा म्हणतोय. खरं काय?

सुजाता_टिळकवाडी · रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. इथं बरेचजण बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी भागातले आहेत म्हणून मोकळेपणानं विचारते.

माझा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, इंजिनिअरिंगसाठी माझ्याकडं राहतो. वय १९. गेल्या आठवड्यात त्याची पँट धुवायला टाकताना खिशात पुडी सापडली. मी आरडाओरडा केला नाही. रात्री जेवणं झाल्यावर विचारलं. त्यानं काही लपवलं नाही, उलट मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. गांजातलं द्रव्य मेंदूतल्या रिसेप्टरला जाऊन लागतं आणि त्यानं नवीन पेशी जन्माला येतात, हे म्हणे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. "आत्या, दारूनं पेशी मरतात, यानं वाढतात," असं मला समजावत होता.

मी बी.कॉम. झालेली बाई. आम्हाला शाळेत शिकवलं होतं की मेंदूच्या पेशी जन्माला येताना जेवढ्या तेवढ्याच. भावाला अजून कळवलेलं नाही. त्याला कळलं तर तो पोराला त्याच दिवशी गावी नेऊन बसवेल. मला त्या पोराशी बोलायचंय, पण खोटंनाटं सांगून घाबरवायचं नाही. एकदा खोटं पकडलं की पुढचं खरंही तो ऐकणार नाही. म्हणून विचारते, त्या व्हिडिओत खरं किती?

कपिलेश्वर_गल्ली · रविवार, रात्री १०:४०

आमचे आजोबा दर महाशिवरात्रीला कपिलेश्वराचं दर्शन घेऊन आले की भांगेचा एक पेला घ्यायचे. ८४ व्या वर्षापर्यंत अख्ख्या गल्लीची देणीघेणी तोंडपाठ होती. एवढं घाबरू नका ताई.

खानापूरकर · रविवार, रात्री १०:५५

वर्षातनं एकदा, तेही देवाच्या निमित्तानं घेतलेला एक पेला आणि १९ वर्षांच्या पोराच्या खिशातली पुडी, एकाच मापानं कसं मोजता ओ?

शहापूरची_वैनी · रविवार, रात्री ११:०२

काय सांगूलाय ओ, इंजिनिअरिंगच्या पोरांत हे एवढं पसरलंय? माझा बारावीला आहे. वाचतेय.

पेशीवाला · सोमवार, सकाळी ७:२०

मी मूळचा निपाणीचा. सध्या बेंगळूरला आहे आणि मेंदूच्या पेशींवरच काम करतो. सुजाताताई, तो व्हिडिओ अगदीच हवेतला असता तर सोपं होतं. त्यात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच तो पोरांना पटतो. जरा सविस्तर लिहितो.

गांजातलं नशा आणणारं मुख्य द्रव्य म्हणजे टीएचसी. १९६४ साली इस्राएलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी ते शुद्ध रूपात वेगळं केलं आणि त्याची रचना मांडली. पण ते मेंदूत नेमकं कुठं जाऊन बसतं, हे कळायला १९९० साल उजाडलं. तेव्हा अमेरिकेत लिसा मात्सुदा आणि सहकाऱ्यांना सीबी-१ या रिसेप्टरचा जनुक मिळाला. रिसेप्टर म्हणजे पेशीवरची, ठरावीक द्रव्य येऊन बसायची जागा. १९९३ मध्ये दुसरा, सीबी-२, सापडला. तो मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असतो. सीबी-१ मात्र मेंदूत भरपूर आहे.

मग माणसाच्या मेंदूत गांजासाठी जागा कुणी राखून ठेवली? कुणीच नाही. ती जागा शरीराच्या स्वतःच्या द्रव्यांची आहे. त्यातलं पहिलं १९९२ मध्ये मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून मिळालं. त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड. हो, आपल्या 'आनंद' या शब्दावरूनच. दुसरं, २-एजी, १९९५ मध्ये.

ही द्रव्यं वागतात कशी ते हुक्केरी-गोकाक भागातल्यांना लगेच कळेल. पाटाचं पाणी वरच्या अंगानं शेतात येतं. शेत भिजलं की खालचा शेतकरी हाळी देतो, "पुरे, दार लाव." मेंदूत निरोप एका पेशीकडून पुढच्या पेशीकडं जातो आणि आनंदामाइड, २-एजी ही उलट दिशेनं जाणारी हाळी आहे. निरोप घेणारी पेशीच ती तयार करते, हवी तेव्हा, हवी तिथं आणि थोडीशी. काम झालं की तिथली विकरं तिचा लगेच निकाल लावतात. टीएचसी आलं की अख्ख्या शिवारात एकदम "दार लाव" अशी हाळी घुमते आणि तास न् तास घुमत राहते. कुठल्या शेताला पाणी हवं होतं, कुठल्याला नको होतं, याचा हिशेबच राहत नाही.

नवीन पेशींचं संध्याकाळी लिहितो. लॅबला जायचंय.

निपाणीकर_पाटील · सोमवार, सकाळी ८:०५

पेशीवाले, गाववाले म्हणून विचारतो. आमच्या तंबाखूचं पण असंच असतंय का? निकोटीनचा रिसेप्टर असतोय असं वाचलेलं.

पेशीवाला · सोमवार, सकाळी ८:११

अगदी तसंच. 'निकोटिनिक रिसेप्टर' हे नाव तंबाखूवरून पडलं, पण त्याचा खरा मालक शरीरातलं अ‍ॅसिटिलकोलीन. नाव पाहुण्याचं, घर दुसऱ्याचं.

निपाणीकर_पाटील · सोमवार, सकाळी ८:२०

कळलं. आमच्या घरात तीन पिढ्या तंबाखू पिकली. १९८१ च्या आंदोलनात वडील हायवेवर बसलेले. ते म्हणायचे, पिकवायचं पोटासाठी, पण ओठाखाली धरायचं नाही. घरात कुणी धरली नाही.

मोकळं_आभाळ · सोमवार, दुपारी १:३०

मला हा सगळा सूर एकतर्फी वाटतो. गांजाचं नाव काढलं की लगेच पोरगं वाया गेलं, अशी आपली मानसिकता. ब्रिटिश सरकारनं १८९३-९४ मध्ये खास आयोग नेमला होता. त्यानंही म्हटलं की माफक वापरानं फारसं नुकसान होत नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये याच झाडातल्या सीबीडीचं औषध मुलांच्या अवघड फिट्सवर मंजूर झालं. भाचा काही मूर्ख नाही. तो वाचतोय, प्रश्न विचारतोय. त्याला गुन्हेगार ठरवू नका.

सुजाता_टिळकवाडी · सोमवार, दुपारी २:०५

मोकळं आभाळ, गुन्हेगार ठरवलं असतं तर इथं येऊन विचारलं असतं का? लहान होता तेव्हा मीच त्याला गाडीवरून वर्गाला सोडायची. पोरगं हुशार आहे, त्याचीच तर धास्ती वाटते.

डॉक्टर_वडगाव · सोमवार, दुपारी ३:१५

मी जनरल प्रॅक्टिस करतो, मेंदूतज्ज्ञ नाही. मोकळं आभाळ यांचा सीबीडीचा मुद्दा बरोबर आहे, पण तो इथं लागू नाही. सीबीडी नशा आणत नाही, सीबी-१ ला टीएचसीसारखं धरतही नाही. ते औषध शुद्ध केलेलं असतं आणि मोजून दिलं जातं. पुडीत काय आहे आणि किती आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि १८९४ च्या आयोगापुढं १९ वर्षांच्या पोराचा वाढता मेंदू हा प्रश्नच नव्हता.

माझ्याकडं येणाऱ्या पोरांबद्दल नावगाव न सांगता एवढंच लिहितो. काहींना झोप लागत नाही, काहींना सगळे आपल्याबद्दलच बोलतात असं वाटायला लागतं. आई-वडील पहिल्यांदा बाहेरचं बघायला नेतात, अंगारे होतात, मग महिन्यांनी माझ्याकडं. सगळ्यांना असं होत नाही. पण ज्यांच्या घरात आधी कुणाला मानसिक आजार झालेला आहे, त्यांना धोका नक्की जास्त. सुजाताताई, तुमच्या माहेरी असं कुणी होतं का, तेवढं आठवून बघा.

सुजाता_टिळकवाडी · सोमवार, दुपारी ४:४०

डॉक्टर, आमचे एक काका होते. घरात त्यांच्याबद्दल कुणी बोलायचं नाही. आज तुमचं वाचून पहिल्यांदाच डोक्यात आलं. थोडा वेळ हात थरथरले. भावाशी या विषयावर तरी बोलावं लागेल.

पेशीवाला · सोमवार, रात्री ९:३०

आता मुख्य प्रश्न.

मेंदूत नवीन पेशी जन्मतच नाहीत, हे ताईंच्या शाळेत शिकवलं ते तेव्हाचं सर्वमान्य मत. १९६५ मध्येच जोसेफ ऑल्टमन आणि गोपाळ दास यांनी मोठ्या उंदरांच्या मेंदूत जन्मानंतरही नवीन पेशी होताना दाखवल्या होत्या, पण बरीच वर्षं त्यांच्याकडं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. ही जागा म्हणजे हिप्पोकॅम्पसमधला एक पट्टा. नवीन आठवणी साठवायला तो भाग लागतो.

आता सीबी-१ चा संबंध. २००४ मध्ये ज्या उंदरांतून सीबी-१ चा जनुकच काढून टाकला होता, त्यांच्यात नवीन पेशी जवळपास निम्म्यावर आल्या. म्हणजे शरीराची स्वतःची हाळी नव्या पेशींच्या जन्माला लागते, हे खरं. माद्रिदच्या गटानंही पेशींची 'आई' असलेल्या मूळ पेशींवर सीबी-१ असतो आणि त्यातून त्यांना वाढीचा इशारा मिळतो, हे दाखवलं.

मग आला २००५ चा कॅनडाचा प्रयोग. तुमच्या भाच्याच्या व्हिडिओचं मूळ बहुतेक तिथं आहे. उंदरांना एचयू-२१० नावाचं द्रव्य दिवसातून दोनदा, १० दिवस टोचलं. नवीन पेशी वाढल्या, उंदीर कमी घाबरट झाले. दारू, अफू, कोकेन, निकोटीन यांनी नवीन पेशी घटतात, हे आधी ठाऊक होतं. त्यामुळं "गांजा मेंदू वाढवतो" अशा बातम्या जगभर झाल्या. पण एचयू-२१० म्हणजे गांजा नव्हे. ते जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात बनवलेलं कृत्रिम द्रव्य आहे, टीएचसीपेक्षा कित्येक पट तीव्र. टीएचसी सीबी-१ ला अर्धवटच चालू करतं, हे पूर्ण करतं. आणि तोच प्रयोग सांगतो की एकदाच टोचलं तेव्हा नवीन पेशींत काही फरक पडला नाही. शुद्ध टीएचसी दिलेल्या प्रयोगांत अशी ठाम वाढ दिसत नाही. उलट तरुण प्राण्यांची आठवण आणि वाट शोधण्याची क्षमता बिघडलेली दिसते.

खानापूरकर · सोमवार, रात्री १०:१०

पेशीवाले, मी शेतकरी माणूस, तुमचं वाचताना मला तरवा, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा, आठवला. मे महिन्यात भाजावळ करून तरवा टाकतो. रोप हिरवंगार, दाट येतं. नवखा माणूस बघून म्हणतो, "यंदा भात उदंड." पण रोप उपटून चिखलात लावण झाली, त्यानं मूळ धरलं, पोटरीला आलं, तर भात. दाट तरवा पाण्याअभावी पिवळा पडून गेलेला मी बघितलाय. ते उंदीरवाले तरव्यातली रोपं मोजूलालेत की खळ्यावरचं भात?

पेशीवाला · सोमवार, रात्री १०:२५

खानापूरकर, माझ्या विद्यार्थ्यांना उद्या हेच सांगणार, तुमची परवानगी गृहीत धरून. नवीन पेशी जन्मणं, त्यातल्या जगणं आणि जगलेल्यांनी जुन्या पेशींशी जोडणी करणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जन्मलेल्या पेशींतल्या बऱ्याचशा काही आठवड्यांत मरतात. एक दुरुस्ती फक्त: कॅनडाच्या गटानं निव्वळ तरवा मोजला नव्हता, त्यातल्या काही पेशी खऱ्या न्यूरॉन, म्हणजे निरोप नेणाऱ्या पेशी, झाल्याचंही बघितलं होतं. पण त्या रोपांनी शेवटी दाणा भरला का, म्हणजे उंदराची आठवण सुधारली का, हे त्यातून ठरत नाही.

कॅम्पातला_पोरगा · सोमवार, रात्री १०:४०

खानापूरकरांना डॉक्टरेट द्या, मानाचा फेटा मी आणतो.

शहापूरची_वैनी · सोमवार, रात्री १०:४८

+१. आणि भाजावळीचा तो वास! माहेर नंदगडकडं. किती वर्षं झाली.

खानापूरकर · सोमवार, रात्री १०:५२

वैनी, येवा एकदा पावसाळ्यात. लावणीला हात कमीच पडतात.

मोकळं_आभाळ · मंगळवार, सकाळी ९:००

पेशीवाले, सविस्तर उत्तर आवडलं. पण एक विचारतो. सगळं उंदरांवरच चाललंय. माणसाच्या मेंदूत नवीन पेशी होतात की नाही?

पेशीवाला · मंगळवार, सकाळी ९:४५

हाच तर वादाचा गाभा. १९९८ मध्ये कॅन्सरच्या काही रुग्णांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूत नव्यानं विभागलेल्या पेशी सापडल्या. २०१३ मध्ये स्वीडनच्या गटानं फारच सुंदर युक्ती केली. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळं हवेत कार्बन-१४ वाढला होता, तो पेशींच्या डीएनएत उतरला. त्यावरून पेशीचं वय काढलं, आणि हिशेब निघाला की प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७०० नवीन न्यूरॉन येतात. मग २०१८ मध्ये एका गटानं जाहीर केलं की मोठ्या माणसात अशा पेशी जवळजवळ दिसतच नाहीत. त्याच वर्षी दुसऱ्या गटानं म्हटलं, दिसतात, म्हातारपणीही. २०२५ मध्ये स्वीडनच्याच गटानं प्रौढ माणसांत विभागणाऱ्या मूळ पेशी ओळखल्याचं प्रसिद्ध केलं. माझं मत "होतात, पण कमी" याकडं झुकतं. आणि गांजा ओढणाऱ्या माणसाच्या मेंदूत त्या वाढतात, असं कुणीही दाखवलेलं नाही. व्हिडिओनं उंदरावरून थेट भाच्यावर उडी मारलीय.

अजून एक, कारण वयाचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०१७ मध्ये जर्मनीत बॉनच्या गटानं उंदरांना थोडंसं टीएचसी २८ दिवस दिलं. म्हाताऱ्या उंदरांची आठवण सुधारली. तरुण उंदरांची बिघडली. तेच द्रव्य, तोच रिसेप्टर. म्हातारपणी शरीराची स्वतःची हाळी क्षीण झालेली असते, तिथं बाहेरून थोडी मदत झाली असावी. तरुण मेंदूत ती हाळी ऐन भरात असते, आणि कपाळामागचा निर्णय घेणारा भाग विशी ओलांडली तरी घडतच असतो.

कपिलेश्वर_गल्ली · मंगळवार, सकाळी १०:१५

म्हणजे आजोबा वाचले आणि नातू बुडाला, असं म्हणायचं का? माझा पहिला प्रतिसाद मागं घेतो.

डॉक्टर_वडगाव · मंगळवार, दुपारी २:२०

यात औषधांच्या बाजूनं एक भर घालतो. सीबी-१ बंद करणारं रिमोनाबंट नावाचं औषध २००६ मध्ये युरोपात वजन कमी करायला आलं. वजन घटलं, पण काही रुग्णांना नैराश्य आलं, आत्महत्येचे विचार येऊ लागले. २००८ मध्ये ते मागं घ्यावं लागलं. हा रिसेप्टर बाहेरून दाबला तरी त्रास आणि बाहेरून सतत पेटवला तरी त्रास, असं माझं आकलन झालंय. पेशीवाले चुकत असेन तर सांगा.

पेशीवाला · मंगळवार, दुपारी २:३१

नाही चुकत.

वकील_चिकोडी · मंगळवार, सायंकाळी ६:००

कायद्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्यात येत नाहीत, म्हणून भांगेचा हिशेब वेगळा. १ किलोपर्यंत 'अल्प प्रमाण', तरी १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पोराला हे जरूर सांगा, पण धमकी म्हणून नको. याच कायद्यात कलम ६४-अ आहे. अल्प प्रमाणासाठी पकडला गेलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर खटल्यातून सूट मिळू शकते. हे आई-बापांना कुणी सांगत नाही.

पुन्हा_उभा · मंगळवार, रात्री ११:३५

पहिल्यांदाच लिहितोय. वाचक म्हणून जुना आहे.

मी सहा वर्षं ओढली. मला कुणी व्हिडिओ दाखवला नव्हता, हॉस्टेलची गच्ची होती आणि मित्र होते. सुरुवातीला मजा होती, हे नाकारणार नाही. नंतर मजा गेली, सवय राहिली. वाचलेलं पान पुन्हा वाचायचो. एकदा बाबांना फोन केला, बोललो, ठेवला आणि तासाभरानं तेच सांगायला पुन्हा केला. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं माझ्या खोलीवर आले आणि तीन दिवस नुसते बसून राहिले. मला सोडायला त्या तीन दिवसांनी सुरुवात करून दिली. पुढं धारवाडला समुपदेशन घेतलं. पहिले दोन आठवडे झोप नाही, चिडचिड, अन्न जात नव्हतं. मग हळूहळू जमलं.

सुजाताताई, तुम्ही आरडाओरडा केला नाही, हे वाचून रडू आलं. त्याला एकटं सोडू नका.

शहापूरची_वैनी · मंगळवार, रात्री ११:५०

देव तुमच्या बाबांना उदंड आयुष्य देवो.

डेपोचा_धावपटू · बुधवार, सकाळी ७:४०

मी रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात पळतो. पेशीवाले, पळाल्यानं पण नवीन पेशी वाढतात म्हणे?

पेशीवाला · बुधवार, सकाळी ८:३०

हे मीच आधी लिहायला हवं होतं! १९९९ पासून ठाऊक आहे की चाकावर पळणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नवीन पेशी ठळकपणे वाढतात. २०१० मध्ये दिसलं की सीबी-१ अडवला तर पळण्याचा हा परिणाम होत नाही. म्हणजे पळताना शरीर स्वतःचं आनंदामाइड तयार करतं, तेच त्या रिसेप्टरला लागतं आणि नवीन पेशींना चालना मिळते. माणसांतही पळाल्यावर रक्तातलं आनंदामाइड वाढतं. भाचा ज्या रिसेप्टरबद्दल बोलतोय, तो रिसेप्टर ज्या कामासाठी आहे ते काम तुम्ही रोज सकाळी डेपोत करताय.

डेपोचा_धावपटू · बुधवार, सकाळी ८:३५

आज दोन फेऱ्या जास्त मारतो.

सुजाता_टिळकवाडी · शुक्रवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार मानून संपणार नाहीत. काल रात्री भाच्याला हा धागा वाचायला दिला, सुरुवातीपासून, माझी पोस्टसुद्धा. मला वाटलं तो चिडेल, मी घरातलं चव्हाट्यावर आणलं म्हणून. तो गॅलरीत बसून दोन तास वाचत होता. मग आत आला आणि काकांबद्दल विचारलं. जेवढं माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. रविवारी भावाला बोलावलंय, तेव्हा डॉक्टर वडगाव यांनी लिहिलेलं मीच वाचून दाखवणार आहे.

भाचा_१९ · शुक्रवार, रात्री ११:२०

मी तोच. आत्याला सांगून आयडी काढलाय. पेशीवाले सर, तुम्ही उंदरांचं लिहिलं ते पटलं. व्हिडिओत एचयू-२१० चं नावच नव्हतं. माझा प्रश्न वेगळा आहे. मी आठ महिने ओढतोय, आठवड्यातनं तीन-चार वेळा. जे झालंय ते भरून येतं का?

पेशीवाला · शनिवार, सकाळी ६:५०

सर नको, दादा म्हण. २०१२ मध्ये रोज ओढणाऱ्या माणसांच्या मेंदूचं स्कॅन केलं होतं. सततच्या माऱ्यामुळं मेंदूच्या वरच्या थरात सीबी-१ रिसेप्टर कमी झालेले दिसले. मेंदू स्वतःच दारं काढून घेतो. सुमारे चार आठवडे पूर्ण बंद ठेवल्यावर ते पुन्हा पूर्वपदावर आले. हे माणसांवरचं आहे, उंदरांवरचं नाही. तू रोज ओढणारा नाहीस आणि सहा वर्षंही झालेली नाहीत. पहिले दोन आठवडे पुन्हा_उभा यांनी लिहिलंय तसे जाऊ शकतात, झोप उडेल, चिडचिड होईल. जड गेलं तर १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन आहे, आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६. दोन्हीकडं बोलता येतं. काकांबद्दलचं डॉक्टरांना नक्की सांग.

पुन्हा_उभा · शनिवार, सकाळी ७:१५

रात्री झोप नाही आली तर मला मेसेज टाक. कितीही वाजू देत.

भाचा_१९ · शनिवार, सकाळी ७:४०

थँक्यू दादा, दोघांनाही. धावपटू काका, डेपोत किती वाजता असता? माझ्याकडं पळायचे बूट नाहीत, चपलेवर येऊ का?

डेपोचा_धावपटू · शनिवार, सकाळी ७:४४

सहाला, गेटजवळ. चप्पल नको. माझे ९ नंबरचे जुने बूट आहेत, घेऊन येतो.